मालक बाकावर बसले आहेत

सुज्ञ वाचकहो, हसनाबाद, तालुका भोकरदन येथील एका उद्योजिकेस शासनाचे साहाय्य कोणत्या मार्गाने प्राप्त झाले, त्या मार्गात कोणकोणते खड्डे होते आणि तिचे पती श्री. बद्रीनाथ हे त्यांपैकी किती खड्ड्यांत पडले, याचा साद्यंत वृत्तान्त येथे सादर करण्यात येत आहे. यात कोणाचीही बदनामी करण्याचा हेतू नाही. जी काही बदनामी झाली ती एकट्या बद्रीनाथ यांची झाली असून, त्याबद्दल त्यांची आता काही तक्रार राहिलेली नाही.

बद्रीनाथ यांच्या सौभाग्यवती दैवशालाबाई शेवया करून देतात. संक्रांतीपासून गावातल्या बाया रव्याचे डबे घेऊन त्यांच्या ओसरीत येऊ लागतात आणि होळी झाली की खरी गर्दी होते. मशीन हाताने फिरवायची आहे. ती एका लांब लाकडी बाकाच्या टोकाला नटबोल्टाने आवळलेली आहे. दांडा फिरवला की खालच्या चाळणीतून शेवया उतरतात. परंतु दांड्याला जोर लागला की बाकाचे दुसरे टोक जमीन सोडून वर उठते. म्हणून त्या टोकावर कोणाला तरी बसावे लागते. सोळा उन्हाळे तेथे बद्रीनाथ बसले.

बसणे हे काम नव्हे असे ज्यांस वाटते, त्यांनी एकदा त्या ओसरीत येऊन पाहावे. बद्रीनाथ पाणी पिण्यास जरी उठले तरी मशीन तोंडावर आपटते आणि कोणाच्या तरी शेवया मातीत जातात. शिवाय ते नुसते बसत नसत. बसल्या बसल्या ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, रवा घट्ट भिजला की सैल याबद्दल अभिप्राय देत आणि कोणाचा डबा पहिला यावरून तंटा झाल्यास निवाडा करीत. त्यामुळे सदर धंद्याचे मालक तेच, असे गाव समजत असे. बद्रीनाथ यांनीही गावाची समजूत मोडण्याचे कारण पाहिले नाही.

गेल्या वर्षी दैवशालाबाईंचा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालून देण्यास मुलगी रेणू पाहिजे. आणि रेणू तर जालन्यास कॉलेजात. जालन्याच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "बाई, एक तर खांद्याला आराम द्या, न्हाई तर मशीनला मोटर लावा."

घरी येताना दैवशालाबाईंना बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. राजूरचा फाटा आल्यावर त्यांनी गणपतीच्या देवळाकडे पाहून डावा हात कपाळाला लावला, कारण उजवा उचलत नव्हता. मग म्हणाल्या, "धंदा मी न्हाई सोडणार. बिलकुल न्हाई. तुम्ही मोटरचं बघा."

मोटरची मशीन महिला उद्योजिकांना शासन अनुदानावर देते, ही बातमी शेजारी गोरक्षनाथ यांनी आणली. गोरक्षनाथ हे एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहिले होते. निवडणूक संपली, परंतु तेव्हापासून दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून सल्ला देण्याची सवय त्यांना राहिली.

"बद्रीभाऊ, एकदम सोपं काम हाय," ते म्हणाले. "वहिनीच्या नावानं अर्ज टाकायचा. अधिकारी येतेत, बघतेत, जातेत. मंग मशीन येती. फकस्त धंदा बाईचा पाहिजे."

"धंदा बाईचाच हाय," आतून दैवशालाबाई म्हणाल्या.

"तसं न्हाई, वहिनी. कागदावर बाईचा पाहिजे."

अर्ज भरण्याचे काम बद्रीनाथ यांनी स्वतःकडे घेतले. त्यांचे शिक्षण नववीपर्यंत झालेले असून अक्षर वळणदार आहे. परंतु अर्ज संगणकावर भरायचा निघाला, तेव्हा अक्षराचा काही उपयोग झाला नाही. गावात ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालविणारे हरिओम यांनी आधार कार्डावरून पाहून पाहून सर्व भरले. तीन आठवड्यांनी उत्तर आले की शैक्षणिक संस्थांना सदर योजना लागू नाही. तथापि विद्यार्थी संख्या कळविल्यास अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करता येईल.

बद्रीनाथ हे कायदा पाळणारे गृहस्थ आहेत. शासनाने विचारले म्हणजे उत्तर दिले पाहिजे. त्यांनी बराच विचार करून वळणदार अक्षरात लिहिले : 'विद्यार्थी संख्या : एक. मुलगी. जालना येथे कॉलेजात शिकत आहे.' त्यावर मुख्याध्यापकाची सही व शिक्का मागविण्यात आला, तेव्हा त्यांना प्रथम शंका आली.

हरिओम यांनी आधार कार्ड डोळ्यांजवळ नेले. तेथे 'दैवशाला' याऐवजी 'देवशाळा' असे छापलेले होते.

"भाऊ, इतकी वरसं तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

"आम्ही तिला नावानं हाक मारीत न्हाई," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाले.

हे अक्षरशः खरे होते. ते त्यांना 'अगं' म्हणतात. कथेच्या पुढील भागासाठी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

नाव दुरुस्त होण्यास दीड महिना गेला. त्यानंतर छायाचित्राची अट आली. उद्योजिका यंत्रासह काम करताना दिसावी आणि चित्रात अन्य व्यक्ती नसावी. बद्रीनाथ यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. अन्य व्यक्ती म्हणजे आपणच, हे त्यांना सदरा घातल्यानंतर समजले. ते उठले, बाक उठला. त्यांनी आपल्या मातोश्री बायनाबाईंना चौकटीच्या बाहेर वाकवून टोकावर बसविले. बायनाबाई बाकासह वर गेल्या.

"बद्री, मला उतरीव!" त्या ओरडल्या. "या वयात मला पाळणा नको!"

शेवटी गोरक्षनाथ यांनी सल्ला दिला आणि बाकाच्या टोकावर रव्याची गोणी ठेवण्यात आली. बाक जागचा हलला नाही. दैवशालाबाईंनी डाव्या हाताने दांडा फिरवला, हरिओम यांनी मोबाईलवर फोटो काढला. फोटो उत्तम आला.

"गोणी तर एकदम बराबर बसली की!" गोरक्षनाथ म्हणाले.

"अन् बोलत बी न्हाई," बायनाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी बद्रीनाथ यांना जेवण गेले नाही. सोळा वर्षांची आपली जागा एका गोणीने पहिल्याच दिवशी, कोणतेही शिक्षण न घेता भरून काढली, हा विचार कोणत्याही विचारी मनुष्यास अस्वस्थ करील असा आहे.

फोटो मंजूर झाला आणि पाहणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी ओसरी सारवली. गोरक्षनाथ यांनी बद्रीनाथ यांना बजावले, "तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. मॅडमला वहिनीच जवाब देतील. तुम्ही गुमान बाकावर बसायचं."

पाहणीस अर्पिता मॅडम आल्या. वयाने तरुण, मुंबईकडच्या, जालन्यात रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. त्यांनी मशीन पाहिली, शेवया पाहिल्या, रांगेतल्या बायांना दोन प्रश्न विचारले. सर्व समाधानकारक होते. मग त्यांनी हातातला टॅब उघडला आणि विचारले, "ताई, या व्यवसायाचे मालक कोण?"

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या भागात पतिव्रता स्त्री पतीचे नाव घेत नाही. पतीस ती 'मालक' म्हणते. 'मालक शेतात गेल्ते', 'मालक जेवायले' असे दिवसातून पन्नास वेळा कानी पडते. शेत कोणाचे आणि जेवण कोणी रांधले याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नसतो.

दैवशालाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "मालक? हे काय, बाकावर बसल्येत."

मॅडमने बद्रीनाथ यांच्याकडे पाहिले. बद्रीनाथ यांना तोंड उघडण्याची मनाई होती. त्यांनी आदराने मान लवविली.

"म्हणजे मालक हे आहेत?"

"व्हय. बावीस वरसं झाली."

"आणि तुम्ही कोण?"

"मी त्यांचीच."

मॅडमचा चेहरा पडला. त्या मनाने चांगल्या होत्या. त्यांनी टॅब बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. नीट विचार करून सांगा. मालक बदलायचा असेल तर अजूनही बदलता येतो. मी तशी नोंद घेते."

आतून बायनाबाई बाहेर आल्या. "बाई, असलं इचारतेत व्हय? आमच्यात न्हाई बदलत! जसा हाय तसा वापरावा लागतो!"

आठ दिवसांत पत्र आले. 'पाहणीवेळी व्यवसायाचे मालक पुरुष असून ते बाकावर बसलेले आढळून आले. उद्योजिकेने सदर बाब स्वतः मान्य केली. सबब अर्ज नामंजूर.' खाली लहान अक्षरांत असे होते की पतीने आपण मालक नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिल्यास एकवेळ फेरपाहणी करता येईल. ती अंतिम राहील.

दैवशालाबाईंनी पत्र ऐकून घेतले. होळी महिन्यावर आली होती. त्या डाव्या हाताने खांदा चोळीत म्हणाल्या, "माझ्या तोंडानं गेली मशीन."

बद्रीनाथ यांनी हे वाक्य ऐकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ते भोकरदनला गेले.

तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या टायपिस्टास त्यांनी मजकूर तोंडी सांगितला. 'दैवशाला गृहउद्योग या व्यवसायाचा मी मालक नाही.' टायपिस्टाच्या पुढे सात गिऱ्हाइके उभी होती. छापून आलेला कागद बद्रीनाथ यांनी दोन वेळा वाचला. पहिल्या वेळी आपले नाव शुद्ध आहे की नाही ते पाहिले. दुसऱ्या वेळी भाषेचा आनंद घेतला. 'पूर्वीही नव्हतो व भविष्यातही कोणताही हक्क सांगणार नाही' हे वाक्य त्यांना इतके आवडले की ते त्यांनी पाठ केले. मग सही केली.

हसनाबादच्या स्टँडवर चहाच्या हॉटेलात गोरक्षनाथ यांनी तो कागद मागून घेतला आणि जमलेल्या मंडळींसमोर खड्या आवाजात वाचला :

"मी, बद्रीनाथ आबाराव, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, दैवशाला यांचा मी मालक नाही, पूर्वीही नव्हतो व भविष्यातही कोणताही हक्क सांगणार नाही."

गृहउद्योग टायपिस्टाकडेच राहिला होता.

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. एक वृद्ध गृहस्थ बद्रीनाथ यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असं कामून केलं, बाबा? चांगली बाई हाय."

बद्रीनाथ पायी घरी पोहोचले तोपर्यंत ही बातमी मोबाईलवरून राजूरला पोहोचली होती. राजूर हे दैवशालाबाईंचे माहेर. त्यांचे बंधू कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहेत. ते कामावरच्या कपड्यांत, तोंडावरची काजळी न पुसता, चार जाणती माणसे टेम्पोत घालून दारात हजर झाले.

"दाजी," कल्याण म्हणाले, "काय ऐकून राह्यलो मी?"

"बसा तर खरं," बद्रीनाथ बाकावरून म्हणाले.

"बसाया न्हाई आलो. अक्काचं सामान भरा. टेम्पो भाड्यानं आणलाय, जल्दी करा."

दैवशालाबाई शेवया काढीत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "कल्याण, येडा झालास का? ते मशीनसाठी लिहिलंय."

"मशीनसाठी नवरा सोडला?"

"सोडला न्हाई रे. फकस्त कागदावर मालक न्हाईत आता."

"मंग कागदावर कोण हायेत?"

जाणत्या माणसांनी कागद मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. बद्रीनाथ स्वतः बाकाच्या टोकावर बसल्या बसल्या विचार करू लागले. मालक नाही, भागीदार नाही, अधिकारी नाही. बावीस वर्षांचा संसार आणि सोळा वर्षांची बैठक असलेला मनुष्य कागदावर नेमका कोण असतो? चहा झाला, शेवयांची खीर झाली, टेम्पो रिकामा परत गेला. प्रश्न तेथेच राहिला.

प्रतिज्ञापत्र दुसरे करून घेतले. आता राहिली भाषा. फेरपाहणीत मॅडम पुन्हा तेच विचारणार, आणि दैवशालाबाईंच्या तोंडून तोच शब्द जाणार, हे उघड होते. म्हणून गोरक्षनाथ यांनी अंगणात उभे राहून त्यांचा सराव घेण्यास प्रारंभ केला.

"वहिनी, समजा मी मॅडम हाय. मालक कोण?"

"मालक घरात जेवायले."

"न्हाई, वहिनी! मिस्टर म्हणा."

"मला हसू येतं."

"मंग रेणूचे पप्पा म्हणा."

"रेणू दादा म्हणती त्यांना."

"मंग सरळ नाव घ्या."

यावर बायनाबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. एवढं बी ठाऊक न्हाई तुला, गोरख? माझ्या पोराचं आयुष्य मशीनला घालायचं का?"

बद्रीनाथ मनाने पुरोगामी आहेत. तरी सूप खाली ठेवण्याची पद्धत पाहून त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते म्हणाले, "राहू द्या. मी त्या दिवशी घरीच थांबत न्हाई. बाक रिकामा दिसला म्हणजे प्रश्नच नको."

"अन् दांडा फिरवताना बाक उठला मंग?" दैवशालाबाईंनी विचारले.

"गोणी ठेवा," बद्रीनाथ म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

दैवशालाबाईंनी खाली ठेवलेले सूप उचलून सासूच्या हातात दिले. मग म्हणाल्या, "गोणीबिणी काही न्हाई. तुम्ही बसायचं."

फेरपाहणीच्या दिवशी अर्धी गल्ली ओसरीत होती. बायांनी मुद्दाम डबे आणले होते. बद्रीनाथ बाकाच्या टोकावर, पाठ ताठ करून बसले. आयुष्य कमी होणार की मशीन जाणार, या दोहोंपैकी एक आज ठरणार होते, आणि खरे सांगायचे तर दैवशालाबाईंच्या खांद्याकडे पाहून त्यांनी मनातल्या मनात आयुष्यातली दोन-तीन वर्षे सोडूनही दिली होती.

अर्पिता मॅडमने टॅब उघडला. "ताई, ही शेवटची पाहणी आहे. मी जे ऐकेन तेच लिहिणार. या व्यवसायाचे मालक कोण?"

दैवशालाबाईंनी दांडा सोडला. हात पदराला पुसले. तोंड उघडले. "मा..." एवढे अक्षर बाहेर आले. गोरक्षनाथ यांनी डोळे मिटून घेतले.

दैवशालाबाई थांबल्या. त्यांनी एकदा सासूकडे पाहिले. मग पदर डोक्यावर ओढून, नवी नवरी उंबरठ्यावर अडवली असता उभी राहते तशा उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या :

"गव्हाचा काढला चीक, रव्याची भिजवली कणी,
बद्रीनाथराव कामगार, अन् मीच मशीनची धनी!"

बायांनी टाळ्या वाजविल्या. उखाण्यात घेतलेल्या नावाने आयुष्य कमी होत नाही, उलट वाढते, हे बायनाबाईंनाही मान्य करावे लागले. त्या फक्त म्हणाल्या, "लग्नात घेतला त्याच्यापेक्षा चांगला घेतला."

मॅडमने विचारले, "धनी म्हणजे मालकच ना?"

"व्हय, व्हय," ओसरीतल्या बाया एका आवाजात म्हणाल्या. धनी हाही शब्द आपल्या भागात नवऱ्यासाठीच वापरतात, ही माहिती त्या वेळी कोणीही पुरविली नाही.

मॅडमची बोटे चालू लागली. "मालक : दैवशाला. कामगार : एक. नाव?"

"आत्ताच घेतलं की," दैवशालाबाई लाजून म्हणाल्या. "दुसऱ्यांदा न्हाई घेणार."

"कामाचे स्वरूप?"

बद्रीनाथ यांनी घसा साफ केला. त्यांना 'व्यवस्थापन' हा शब्द सुचला होता. परंतु दैवशालाबाई आधी बोलल्या.

"बसतेत," त्या म्हणाल्या. "सोळा वरसं एका जागी बसल्येत. त्यांच्याबिगर माझी एक शेवई उतरली न्हाई. लिहा."

मॅडमने लिहिले. स्वतःच्या कामाची शासकीय दफ्तरात झालेली ती पहिली नोंद बद्रीनाथ यांनी वाकून वाचली. नंतर त्यांना रुमालाने डोळे पुसताना काहींनी पाहिले. रवा उडाला होता.

पाडव्याच्या आधी मशीन आली. बटण दाबले की मोटर फिरते आणि शेवया पावसासारख्या उतरतात. दैवशालाबाईंचा खांदा आता पुष्कळ हलका आहे. परवा त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली.

मशीन जमिनीत चार बोल्टांनी बसविलेली असल्यामुळे तिच्यासाठी कोणाला बसावे लागत नाही. त्यामुळे पुन्हा एक शंका उत्पन्न झाली. गोरक्षनाथ यांनी कागद वाचून सांगितले की, मंजुरीत एक रोजगार दाखविलेला असल्याने सदर कामगारास तीन वर्षे काढून टाकता येणार नाही. बायनाबाईंनी तीन वर्षांनंतरचे विचारले, पण त्याचे उत्तर कागदात नव्हते.

दैवशालाबाईंनी तो बाक दारासमोर मांडला. तेथे गिऱ्हाइके बसतात. एका टोकाची जागा मात्र त्या कोणास घेऊ देत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक परगावचे गृहस्थ आले. त्यांना मुलीच्या लग्नासाठी शेवया पाहिजे होत्या. बाकाच्या टोकावर बद्रीनाथ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. गृहस्थांनी नमस्कार करून विचारले, "मालक आहेत का?"

बद्रीनाथ यांनी चष्मा काढला. सोळा वर्षांची सवय ओठापर्यंत आली होती. ती त्यांनी गिळली.

"आहेत," ते म्हणाले. "मालक आत शेवया काढून राह्यल्यात. बसा."

तेवढ्यात आतून मोटरीच्या वर आवाज आला, "मालक, कोण आलंय बाहेर?"

त्या गृहस्थांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा बद्रीनाथ यांच्याकडे पाहिले, आणि बाकावर बसले. बाक हलला नाही. दुसऱ्या टोकावर माणूस होता.

वृत्तान्त येथे पूर्ण होतो. आपण आपली कामे बाजूला ठेवून एवढा वेळ वाचत बसलात. बसणे हे किती कष्टाचे काम आहे याची प्रस्तुत लेखकाइतकी जाणीव दुसऱ्या कोणास असेल असे वाटत नाही. म्हणून मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
बद्रीनाथ आबाराव
कामगार, दैवशाला गृहउद्योग
मु. पो. हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना